जागेवर मिटवलेला अपघात आणि गाडीचा सक्तीचा विमा

कोल्हापुरात तावडे हॉटेलजवळ किंवा शिरोली नाक्यावर एखाद्या मोटारीनं दुचाकीवाल्याला धडक दिली की पाच मिनिटांत गर्दी जमते. कुणी पाणी देतं, कुणी गाडी उचलून कडेला लावतं आणि मग गर्दीतलाच एक जाणता माणूस पुढं येतो. "जास्त लागलंय का ओ पावणं? नाही न्हवं? मग मिटवा की हितंच." मोटारवाला खिशातून दोन-तीन हजार काढतो. पडलेला माणूस धूळ झटकतो, पैसे घेतो आणि लंगडत घरी जातो. तिसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा सुजतो. एमआरआय काढला की कळतं, आतला लिगामेंट तुटलाय, ऑपरेशन लागणार. तेव्हा सगळे विचारतात, गाडीचा नंबर काय होता? तो कुणीच टिपून घेतलेला नसतो.

अपघाताच्या दाव्यांची कागदपत्रं जुळवण्याचं काम मी करतो. या गोष्टीत मला सर्वात जास्त टोचतं ते हे की त्या मोटारीवर बहुधा विमा होता, आणि तो मोटारवाल्यासाठी काढलेलाच नव्हता. तो होता रस्त्यावर पडलेल्या या माणसासाठी.

आपल्याकडे दोन शब्द चालतात, "फुल इन्शुरन्स" आणि "थर्ड पार्टी". थर्ड पार्टीला काही लोक "पोलिसांपुरता इन्शुरन्स" असंही म्हणतात, म्हणजे नाक्यावर अडवलं तर दाखवायचा कागद. गैरसमजाची सुरुवात इथंच होते. विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा पक्ष म्हणजे ज्याचा या कराराशी काहीच संबंध नाही असा रस्त्यावरचा कुणीही. पायी चाललेली आजी, सायकलवरचा पोरगा, दुसऱ्या गाडीवरचा माणूस. तुमच्या गाडीमुळे त्याचा जीव गेला किंवा त्याला इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर येते, आणि ती जबाबदारी कंपनी उचलते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा काढायचा की नाही, ते तुमच्या मर्जीवर. कलम १४६ ची सक्ती तिसऱ्या पक्षापुरती आहे, कारण तुमची गाडी चेपली तर तो तुमचा प्रश्न, पण तुमच्या गाडीखाली दुसऱ्याचा पाय गेला आणि तुमच्याकडे द्यायला पैसे नसले तर त्यानं जायचं कुणाकडं?

या विम्याचे दर कंपन्या ठरवत नाहीत, सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, तर १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये होते, जीएसटी वेगळा. आणि या रकमेच्या बदल्यात कंपनी घेत असलेली जोखीम बघा. मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट, जी रक्कम ठरवेल तिला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र असते, मोटारीला साडेसात लाख आणि दुचाकीला एक लाख. सातशे रुपयांच्या पॉलिसीवर तीस लाखांचा निवाडा होऊ शकतो. विमा नसताना गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडला तर चार हजार, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. लोक या दोन हजारांना घाबरतात. खरी भीती तीस लाखांची असायला हवी, कारण विमा नसेल तर ते मालकाच्या घरादारातून वसूल होतात.

या विम्यात कोण बसत नाही

गगनबावड्याच्या रस्त्यावर तुम्ही बायकोला मागं बसवून निघालात, खड्ड्यात गाडी घसरली, दुसरं कुठलंच वाहन नव्हतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तिच्यातून तुम्हाला काही मिळणार नाही, कारण तुम्ही मालक आहात, तिसरा पक्ष नाही. बायकोला? तिलाही नाही. दुचाकीच्या मागच्या सीटवरचा माणूस निव्वळ सक्तीच्या पॉलिसीत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये स्पष्ट केलं आहे. "फुल", म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर तिचा समावेश होतो. समोरून आलेल्या ट्रकच्या चुकीनं अपघात झाला असेल तर गोष्ट वेगळी. त्या ट्रकच्या दृष्टीनं तुम्ही दोघंही तिसरा पक्ष. हा फरक मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितला त्यातल्या बहुतेकांनी घरी जाऊन पॉलिसीचा कागद पहिल्यांदा वाचला.

मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी वेगळं कवच आहे, १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तोही घ्यावाच लागतो, तेवढ्या रकमेचा अपघात विमा आधीच दुसरीकडं असेल तर सूट मिळते. पॉलिसी काढताना "हे नको, पैसे वाचतील" म्हणून एजंटला सांगणारे पुष्कळ आहेत. त्यात मृत्यू आणि ठरावीक कायमचं अपंगत्व येतं, दवाखान्याचं बिल येत नाही. मालकाकडं वैध लायसन्स असणं ही अट.

जुनी गाडी विकणाऱ्यांसाठी एक सूचना इथंच. मालकी बदलण्याच्या टीटी फॉर्मवर सही करून गाडी देऊन टाकली म्हणजे सुटका झाली असं नाही. आरटीओच्या नोंदीत नाव बदललेलं नसेल तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं गाडी कितीही हातांतून फिरली तरी नोंदणीवर नाव असलेल्या माणसालाच जबाबदार धरलं. घेणाऱ्यानं विम्याचं नूतनीकरण केलं नाही आणि कुणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार.

पहिले दोन दिवस

दावा कोर्टात उभा राहतो, पण जिंकला किंवा हरला जातो तो दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर. जखमी माणसाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा खासगी दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारतात, कसं लागलं? पोलिसांची भानगड नको म्हणून नातेवाईक सांगतात, "घसरून पडला." डॉक्टर तेच लिहितात. पुढं सहा महिन्यांनी दावा दाखल झाला की कंपनीचा वकील सगळ्यात आधी तोच कागद बाहेर काढतो. तुम्हीच सांगितलंय घसरून पडला म्हणून, मग आमच्या गाडीचा संबंध काय? याचं उत्तर देताना चांगल्या चांगल्या वकिलांची दमछाक होते.

म्हणून खरं काय ते सांगायचं: कुठल्या रस्त्यावर, कशा प्रकारच्या वाहनानं, शक्य असेल तर नंबरासकट. अपघात म्हटल्यावर दवाखाना एमएलसी नोंदवतो, म्हणजे पोलिसांना कळवतो. मग जबाब, फिर्याद, स्पॉट पंचनामा. घटनास्थळी कुणाचा तरी फोन असतोच. त्यात नंबरप्लेट, गाड्या हलवण्याआधीची त्यांची स्थिती आणि रस्त्यावरच्या टायरच्या खुणा टिपून ठेवल्या तर पंचनाम्याला बळ येतं. नंबर मिळाला की त्या गाडीचा विमा चालू आहे की नाही ते परिवहन खात्याच्या ॲपवर बघता येतं.

उपचाराच्या पैशांसाठी घाबरून थांबू नका. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळायला हवेत. आणि दवाखान्यात पोहोचवणाऱ्या माणसाला पोलीस जबाबासाठी अडकवू शकत नाहीत. कलम १३४-अ मध्ये हे संरक्षण दिलेलं आहे. उचलून नेणाऱ्यांची आपल्याकडं कमी नाही, कोल्हापूरकर त्या बाबतीत पुढंच असतो. कमी आहे ती आपलं नाव सांगून साक्षीला उभं राहणाऱ्यांची.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडं पाठवायचा असतो. कागदावर व्यवस्था सुंदर आहे. तरी पोलीस ठाण्यात आठवड्याला एक फेरी मारायची तयारी ठेवा.

पैसे कसे मोजतात

लोकांना वाटतं, न्यायाधीश अंदाजानं काहीतरी आकडा टाकतात. तसं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या दोन निकालांनी गणित बरंच पक्कं करून टाकलंय.

समजा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कंत्राटावर काम करणारा ३२ वर्षांचा मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा कामगार आहे. महिना २०,००० रुपये. डंपरच्या धडकेत त्याच्या पायाला कायमचं अपंगत्व आलं. माणसाची कमाई पुढं वाढत जाते, म्हणून कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के वाढ धरतात. २०,००० चे झाले २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. आता वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणायचं. ३१ ते ३५ वयाला गुणक १६ (पंचविशीपर्यंत १८, पुढं कमी होत पासष्टीनंतर ५). गुणाकार आला ५३,७६,०००.

ही पूर्ण कमाई बुडाली असती तरची रक्कम. त्याची किती बुडाली? खरी लढाई या प्रश्नावर होते. अपंगत्वाच्या दाखल्यावर डॉक्टर लिहितात, समजा, ३५ टक्के. त्या हिशेबानं १८,८१,६०० रुपये होतात. पण दाखल्यावरचा टक्का शरीराचा असतो, कमाईचा नव्हे. टेबलावर बसून हिशेब लिहिणाऱ्या माणसाला पायाच्या ३५ टक्के अपंगत्वानं फारसा फरक पडणार नाही. मोल्डरला आठ तास उभं राहून, तापलेल्या भट्टीजवळ वजन उचलायचं असतं. न्यायाधिकरणानं त्याची कमाईची क्षमता ५० टक्के गेली असं धरलं तर रक्कम होते २६,८८,०००. एका टक्केवारीवरून आठ लाखांचा फरक. २०१० च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की आधी माणूस काय काम करत होता ते बघा, मग त्याला आता काय जमत नाही ते बघा. तेव्हा दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आणि "हा काय काम करायचा" हे सांगणारा मालकाचा किंवा मुकादमाचा कागद, दोन्ही जपून ठेवावेत. फौंड्रीतला पगार रोख मिळत असेल तर हजेरीपुस्तकाची झेरॉक्स, बँकेतल्या नोंदी, काहीतरी हवंच. काहीच नसलं तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न धरतं, आणि माणसाच्या हातातलं कसब तिथं शून्य होऊन जातं.

यावर औषधपाण्याची बिलं, अंथरुणाला खिळलेल्या महिन्यांचा बुडालेला पगार, पुढचे उपचार, सोबतीला माणूस लागत असेल तर त्याचा खर्च, वेदना, आयुष्यातल्या साध्या सुखांना मुकणं, असं सगळं वेगळं. मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल घ्यायचा कंटाळा करू नका.

तोच माणूस अपघातात गेला असता तर? तो स्वतःवर जे खर्च करायचा ते वजा होतं. बायको, दोन मुलं आणि आई असे चार अवलंबून असतील तर एक चतुर्थांश. म्हणजे ५३,७६,००० मधून उरले ४०,३२,०००, वर अंत्यविधी आणि जवळच्या माणसाला मुकल्याबद्दलच्या ठरावीक रकमा. अविवाहित असता तर निम्मे वजा झाले असते. आणि घर सांभाळणारी बाई गेली तर "ती कुठं कमवत होती" हा युक्तिवाद चालत नाही. तिच्या घरकामाला पैशात मोल धरून वर भावी वाढही द्यायची, असं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे.

हा सगळा मार्ग कलम १६६ चा. त्यात समोरच्याची चूक दाखवावी लागते. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, चालक त्या खटल्यात सुटला तरी भरपाई मिळू शकते. तुमचीही थोडी चूक असेल तर तेवढे टक्के कापले जातात. ट्रिपल सीट होता म्हणून आपोआप कापा, असं मात्र नाही. तिघं बसल्यामुळंच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं.

दुसरा मार्ग कलम १६४ चा. कुणाची चूक ते बघायचंच नाही, मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख. झटपट आहे, पण ही रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. आमच्या मोल्डरनं घाईत अडीच लाखांवर सही केली असती तर काय गमावलं असतं ते वर मोजलंच आहे. उलट साधं फ्रॅक्चर असेल, महिन्याभरात माणूस कामावर जाणार असेल आणि चूक कुणाची ते धूसर असेल, तर अडीच लाख वाईट नाहीत.

धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार मिळतात. त्यासाठी कोर्टात जायचं नसतं. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. ही योजना माहीत नसल्यानं कितीतरी घरं अर्जच करत नाहीत.

ऊस, ट्रॉली आणि मडगार्ड

हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात. रात्री मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाक पंक्चर झालं म्हणून ट्रॉली रस्त्यातच उभी, आणि मागून दुचाकी जाऊन आदळते. "मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच" असं गावात ठरवून टाकतात. न्यायाधिकरण तसं ठरवत नाही. अंधारात, खुणेशिवाय वाहन उभं करणं हाही निष्काळजीपणाच. पंचनाम्यात "रिफ्लेक्टर नव्हता, मागील दिवे नव्हते" हे वाक्य आलं पाहिजे, नाहीतर सगळा दोष मेलेल्या माणसाच्या माथी जातो. शिवाय ट्रॅक्टरचा विमा असला तरी ट्रॉलीचा काढलाय का, हा मुद्दा कंपनी लगेच काढते. ट्रॅक्टरमालकांनो, हे वाचत असाल तर आजच पॉलिसी बघा.

त्याहून वाईट गत ट्रॉलीत किंवा मडगार्डवर बसलेल्या माणसांची. ट्रॅक्टरला सीट एक, चालकाची. बाकीच्यांसाठी सक्तीचा विमा बोलत नाही. मालवाहू गाडीतून फुकट जाणाऱ्या प्रवाशाबद्दलही कायदा तसाच आहे. ट्रॉलीवरच्या मजुराच्या एका प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनी जबाबदार नाही असं मान्य करूनही, पैसे आधी कंपनीनं द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. "आधी द्या, मग वसूल करा" ही पद्धत चालकाकडं वैध लायसन्स नसतानाही वापरली जाते. जखमीला पैसे मिळतात आणि कंपनी मालकाच्या मागं लागते. अकरावीतल्या पोराच्या हातात गाडीची किल्ली देणाऱ्या बापानं हे वाक्य दोनदा वाचावं.

एसटीनं धडक दिली तर मागं विमा कंपनी शोधू नका. महामंडळ भरपाई स्वतःच देतं, दावा थेट त्यांच्यावर.

कुठं आणि कधी

एप्रिल २०२२ पासून कलम १६६ चा दावा अपघातानंतर सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. प्लास्टर निघेपर्यंत थांबू, मग वकील बघू, असं म्हणता म्हणता सहा महिने कधी जातात कळत नाही. अपंगत्वाचा दाखला नंतर दिला तरी चालतो, दावा आधी दाखल करता येतो.

अपघात निपाणीच्या पुढं तवंदी घाटात झाला असला तरी बेळगावला हेलपाटे मारायची गरज नाही. जखमी जिथं राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो, म्हणजे आपल्यासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. वकिलानं "मिळेल त्यातले इतके टक्के" अशी फी ठरवणं वकिली व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. दवाखान्याच्या दारात सहीसाठी कागद घेऊन उभा राहणारा माणूस तुमचा हितचिंतक असेलच असं नाही. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर जरूर करा, फक्त वरचं गणित आधी कागदावर मांडून जा. समोरचा आकडा कमी आहे की रास्त, ते त्याशिवाय समजत नाही.

निवाडा पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. ते कंपनीला करायचं असेल तर ठरावीक रक्कम आधी भरावी लागते. वादातली रक्कम लाखाच्या आत असेल तर अपीलच होत नाही. पूर्वी या अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची. रात्रीची रेल्वे, सीएसएमटीला उतरून वकिलाची वाट बघणं आणि तारीख पडून परत येणं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. जखमीचा पहिला केसपेपर जिथं लिहिला जातो, तिथून फक्त रस्ता ओलांडायचा.